हॉल म्हणजे नक्की कुठली जागा?

अण्णांनी मोबाईल माझ्या टेबलावर ठेवला आणि दोन बोटांनी चित्र मोठं केलं. त्यांचा मुलगा इंग्लंडमध्ये लेस्टरला नोकरी करतो आणि तिथंच घर घ्यायचं चाललंय. एजंटाने दिलेला नकाशा त्याने वडिलांना पाठवला होता. अण्णांचा टॉवेलचा कारखाना सोलापूरच्या पूर्व भागात आहे. त्यांच्या घराच्या वरच्या मजल्याचा नकाशा मी काढला होता, म्हणून हा परदेशातला नकाशाही वाचून घ्यायला ते माझ्याकडेच आले.

"ताई, हॉल बघा की. एवढाच? माणूस आडवा झोपला तर पाय भिंतीला लागतील. पाहुणे बसवायचं कुठं?"

मी दाराच्या मापावरून अंदाज काढला. हॉल म्हणून लिहिलेली जागा तीन-सव्वातीन फूट रुंद होती आणि जिन्यापर्यंत लांब गेलेली होती. शेजारी चांगली ऐसपैस खोली होती, तिच्यावर लिहिलं होतं 'रिसेप्शन'. अण्णांनी त्यावरही बोट ठेवलं. "आणि हे रिसेप्शन कशाचं? लग्नाचं रिसेप्शन तर मागच्या वर्षीच झालं की."

मी गेली बावीस वर्षं घरांचे नकाशे काढते. खोल्यांची नावं हा माझ्या कामातला सगळ्यात लहान भाग आहे, पण गैरसमज सगळ्यात जास्त तिथेच होतात, आणि त्यातला निम्मा वाटा 'हॉल' या एका शब्दाचा असतो. अण्णांना त्या दिवशी घाईत जे सांगितलं ते अर्धवट राहिलं, ते इथे नीट सांगते.

आधी आपल्याच गावात हा शब्द काय काय करतो ते पाहू. "पाहुणे हॉलमध्ये बसलेत" म्हटलं की घरातली पुढची खोली, जिथे सोफा आणि टीव्ही असतो. "हॉल मिळाला का?" असं डिसेंबरात कुणी विचारलं तर तो लग्नाच्या तारखेबद्दल बोलतोय. पूर्व भागातली तेलुगू मंडळी त्यालाच फंक्शन हॉल म्हणतात. दहावीच्या मुलाचं हॉल तिकीट आलं की घरात देवापुढे ठेवलं जातं, आणि तो हॉल म्हणजे प्रत्यक्षात कुठल्यातरी शाळेचा पंचवीस बाकांचा वर्ग असतो. दहा बाय बाराची खोली, हजार पानं उठवणारी इमारत आणि परीक्षेचा वर्ग, तिन्ही हॉलच. तरीही आपला घोटाळा होत नाही, कारण पुढचं-मागचं वाक्य आपल्याला वाट दाखवतं.

लग्नाच्या हॉलला मराठीत मंगल कार्यालय म्हणतात, आणि 'कार्यालय' हा शब्दही तसाच दुहेरी आहे. जिल्हाधिकारी कार्यालयात कार्य म्हणजे काम, मंगल कार्यालयात कार्य म्हणजे लग्नकार्य. अक्षरं तीच, जागा मात्र अगदी वेगळ्या. नवीन मराठी शिकणाऱ्या एका बँक अधिकाऱ्याला हे समजावताना मला पहिल्यांदा जाणवलं की आपण रोज किती अवघड गोष्टी सहज बोलून जातो.

घराच्या जाहिरातीत बीएचके असतं, त्यातला एच म्हणजे हॉल. ही तीन अक्षरं आपल्या देशातली आहेत. लेस्टरच्या एजंटाला 'टू बीएचके' म्हटलं तर त्याला उलगडा होणार नाही. त्याच्या भाषेत आपल्या हॉलला लिव्हिंग रूम किंवा रिसेप्शन रूम म्हणतात, आणि हॉल म्हणजे दार उघडल्यावर पायाखाली येणारी वाट. तिथं बूट काढायचे, कोट अडकवायचा आणि पुढे जायचं. अमेरिकेत शब्द आणखी सरकलाय. तिथे दाराजवळचीच नव्हे, तर घरातली, शाळेतली, दवाखान्यातली कुठलीही लांब वाट हॉल असते. म्हणजे आपण ज्याला पॅसेज म्हणतो ते.

बसण्याची जागा आणि चालण्याची वाट यांना एकच शब्द कसा लागला? याचं उत्तर जुन्या इंग्लंडच्या घरात आहे, आणि ते समजलं की आपल्या घरांकडेही वेगळं पाहता येतं.

हजार-बाराशे वर्षांपूर्वी तिथल्या सरदाराचं घर म्हणजे मुळात एकच भलीमोठी छपराखालची जागा असायची. तीच हॉल. मधोमध जमिनीवर आगटी पेटायची आणि धूर छपरातून वाट काढायचा. एका टोकाला उंच ओट्यावर धन्याचं टेबल, बाकी लांबच लांब बाकांवर नोकरचाकर, शिपाई, पाहुणे. न्यायनिवाडा तिथेच, जेवण तिथेच, रात्री गवताच्या अंथरुणावर झोपही तिथेच. घराला वेगळं नाव देण्याची गरजच नव्हती, हॉल म्हणजेच घर. म्हणून इंग्लंडात आजही कित्येक जुन्या हवेल्यांच्या नावात शेवटी हॉल असतं.

असा हॉल केवढा असू शकतो याचा नमुना लंडनमध्ये उभा आहे. वेस्टमिन्स्टर हॉल १०९७ मध्ये बांधायला घेतला. लांबी सुमारे २४० फूट, रुंदी सुमारे ६७. माझ्या भाषेत सांगायचं तर एकाच छपराखाली सोळा हजार चौरस फूट. इथे राजांच्या मेजवान्या झाल्या, आणि कित्येक शतकं इंग्लंडची मोठी न्यायालयं याच जागेत भरत होती. १६४९ मध्ये राजा पहिला चार्ल्स याच्यावर इथेच खटला चालून त्याला मृत्युदंड झाला. आपल्याकडच्या पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाच्या वेळी गव्हर्नर जनरल असलेला वॉरन हेस्टिंग्ज, त्याच्या भारतातल्या कारभाराचा खटलाही इथेच १७८८ मध्ये सुरू झाला आणि १७९५ मध्ये तो सुटेपर्यंत चालला. एक खोली, आणि तिच्यात स्वयंपाकाच्या वासापासून राज्याच्या न्यायापर्यंत सगळं.

मग हा हॉल आकसला कसा? कारण धनी त्यातून उठून गेला. त्याला स्वतःची खाजगी खोली हवी झाली. आधी तो झोपायला वेगळा गेला, मग जेवायलाही. भिंतीतली चिमणी आल्यावर आगटी मधून कडेला सरकली, धूर थांबला आणि हॉलच्या डोक्यावर मजला चढवता आला. धन्याचं कुटुंब जेवणानंतर जिथे बाजूला होऊन बसे, त्या खोलीला 'विथड्रॉइंग रूम' म्हणत, म्हणजे माघार घेऊन बसायची खोली. पुढे 'विथ' गळलं आणि ड्रॉइंग रूम उरली. चित्र काढण्याशी तिचा काही संबंध नाही. माझ्याकडे येणारे पुष्कळ जण समजतात की साहेब तिथे बसून ड्रॉइंग करत असे.

धनी गेला, त्याच्यामागे पाहुणे गेले. नोकरांना त्यांच्या जागा मिळाल्या. हॉल मात्र होता तिथेच राहिला, मुख्य दाराशी. आता तिथे बसायला कुणी उरलं नव्हतं, फक्त तिथून जायचं होतं. बसणारी माणसं उठली की खोलीची वाट होते, आणि हॉलचं तेच झालं. मोठ्या घरांत तो दिमाखदार प्रवेशदालन म्हणून टिकला. शहरातल्या चिंचोळ्या घरांत जागा मोजूनच असायची, तिथे तो तीन फुटांवर आला. अण्णांच्या मोबाईलवरचा हॉल तो हा.

आपल्याकडे इंग्रज आला तेव्हा त्याने छावणीत बंगले बांधले. त्यांत मधोमध एक मोठी खोली असे आणि बाकीच्या खोल्यांची दारं तिच्यात उघडत. तिला तो हॉल म्हणे. आपण शब्द उचलला तो त्या बंगल्यातला. म्हणून त्यांच्या मायदेशी हॉल वाट झाला तरी आपल्याकडे तो बसण्याचीच जागा राहिला, असं मला वाटतं. जुना अर्थ परदेशी गेलेल्या माणसासारखा दुसऱ्या गावात टिकून राहतो.

आता जरा आपल्या घरांकडे वळू. सोलापूर जिल्ह्यातलं जुनं माळवदाचं घर ज्याने पाहिलंय त्याला हे लगेच पटेल. जाड दगडमातीच्या भिंती, लाकडी खांब, तुळया, वर पांढऱ्या मातीचा थर. दारातून शिरलं की ढेलज, मग उघडा चौक, चौकाकडे तोंड करून सोपा, त्याच्या मागे माजघर, मग स्वयंपाकघर, शेवटी परसदार. या घरात पॅसेज कुठे आहे? कुठेच नाही. चुलीपाशी जायचं तर सोप्यातून आणि माजघरातूनच जावं लागतं. प्रत्येक खोली एकाच वेळी बसण्याची जागा आणि पुढच्या खोलीची वाट असते. म्हणूनच सोप्यात कोण बसलंय हे पाहून घरातल्या बायका मागच्या दाराने ये-जा करायच्या. ती गैरसोय घराच्या रचनेतच होती, आणि ती सोसायची पाळी बायकांचीच होती.

युरोपातही तसंच होतं. मोठमोठ्या वाड्यांत खोलीतून खोली, खोलीतून खोली अशी दारांची रांग असायची. फक्त चालण्यासाठी वेगळी वाट काढायची आणि तिच्या दोन्ही अंगांना खोल्या ठेवायच्या, ही कल्पना इंग्लंडच्या घरांत सतराव्या शतकात रुजली. त्या शतकाच्या मध्याला बांधलेलं कोलशिल हाउस त्याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण आहे. घराच्या पोटातून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ वाट, त्यामुळे नोकराला मालकाच्या खोलीतून जावं लागत नव्हतं. ते घर १९५२ मध्ये आगीत गेलं, पण त्याचा धडा आज प्रत्येक लॉजमध्ये आणि प्रत्येक दवाखान्यात आहे.

तेव्हा माझं म्हणणं असं आहे: खोली आणि वाट या आपल्या डोक्यात दोन वेगळ्या गोष्टी असल्या तरी घरांच्या इतिहासात त्या बराच काळ एकच होत्या. म्हणून त्यांची नावंही एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सहज सरकतात.

आणि ती दोन्ही दिशांनी सरकतात. हॉल खोलीकडून वाटेकडे गेला, आपलं 'दालन' उलट आलं. हा फारसी शब्द. इराणच्या जुन्या घरात दालान म्हणजे दारापासून आतल्या चौकापर्यंत नेणारी छपराची वाट. तिला मुद्दाम वळण असे, म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला आतलं दिसू नये. उर्दूत आणि हिंदीत दालान म्हणजे कमानींचा लांब उघडा सोपा झाला. मराठीत दालन म्हणजे मोठी खोली. आज त्याचेही दोन वेगळेच अर्थ वर आलेत. मंत्र्यांच्या दालनात बैठक होते, आणि नवी पेठेत वस्त्रदालन असतं. वाटेचा शब्द खोली झाला, खोलीचा शब्द सत्तेची जागा झाला, आणि शेवटी साड्यांचं दुकान.

गॅलरीचं तर विचारूच नका. आपण घरात कपडे वाळत घालतो ती गॅलरी, आणि सिनेमाला वरच्या मजल्याचं तिकीट काढतो ती बाल्कनी. इंग्रज घरात बाल्कनी म्हणतो, आणि त्याच्या जुन्या नाट्यगृहात सगळ्यात वरच्या स्वस्त जागांना गॅलरी. मूळ शब्दाचा अर्थ झाकलेली लांब वाट असाच आहे. इंग्लंडच्या जुन्या हवेल्यांत वरच्या मजल्यावर लांबलचक गॅलरी असे. पावसाळी दिवसांत बाहेर पडता यायचं नाही, तेव्हा तिथे फेऱ्या मारायच्या. एवढी लांब भिंत रिकामी कशी ठेवायची म्हणून तिच्यावर वाडवडिलांची चित्रं लागली. इटलीत फ्लॉरेन्सला १५६० मध्ये व्हासारी या वास्तुकाराने सरकारी कचेऱ्यांसाठी एक इमारत काढली. कचेऱ्या म्हणून तिचं नाव उफ्फिझी. तिच्या सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या वाटेत पुढे तिथल्या सत्ताधारी मेदिची घराण्याने आपले पुतळे आणि चित्रं मांडली, आणि आज ते जगातल्या नामांकित चित्रसंग्रहालयांपैकी एक आहे. चालायच्या वाटेवर चित्रं टांगली आणि वाटेचं नाव चित्रांना लागलं.

मूळ अर्थाची गॅलरी पाहायची असेल तर इटलीला जायची गरज नाही. सोलापूरच्या शाळांच्या सहली पिढ्यान्‌पिढ्या विजापूरला जातात, शंभरेक किलोमीटरवर. गोल घुमटाच्या आत, घुमट सुरू होतो तिथे भिंतीला धरून गोल फिरणारी वाट आहे, तीच कुजबुजती गॅलरी. एका बाजूला भिंतीशी हळू बोललेलं समोरच्या बाजूला स्पष्ट ऐकू येतं, कारण आवाज वक्र भिंतीला धरून सरकत जातो. ती ना सज्जा आहे, ना चित्रांची खोली. ती वाट आहे, आणि गॅलरी हा शब्द तिथे अगदी बरोबर बसलाय.

आता मला स्वतःला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगते. हॉल हा शब्द आपल्याला परका वाटतो, पण भाषांचा इतिहास अभ्यासणारे लोक त्याचं नातं आपल्या 'शाला' या शब्दाशी जोडतात. हजारो वर्षांपूर्वीचा 'झाकणे' या अर्थाचा एक धातू, त्याच्या सुरुवातीला क सारखा ध्वनी. तो इंग्रजीच्या घराण्यात ह झाला आणि संस्कृतात श झाला. हा नियम इतर शब्दांतही दिसतो. लॅटिनमध्ये शंभराला केंतुम, संस्कृतात शत, इंग्रजीत हंड्रेड. कुत्र्याला कानिस, श्वान, हाउंड. शिंगाला कोर्नू, शृंग, हॉर्न. त्याच चालीने शाला आणि हॉल. दोन्हींचा मुळातला अर्थ एकच, छप्पर घातलेली जागा.

छपराखाली काय चालतं हे शालेच्या आधी जोडलेला शब्द सांगायचा. गोशाळा, पाकशाळा, धर्मशाळा, नाणी पाडायची टंकशाला म्हणजे आपली टांकसाळ. पाठशाळाही त्यातलीच एक. पण तिने पुढे मजल मारली आणि 'शाळा' हा सुटा शब्द एकटीच्या नावावर केला. म्हणजे दहावीचा मुलगा हॉल तिकीट घेऊन शाळेत जातो तेव्हा तो एकाच जुन्या शब्दाची दोन रूपं घेऊन निघालेला असतो.

तोच शब्द आपल्या भागात आणखी एका रूपात आहे. अक्कलकोटकडच्या कन्नड बोलणाऱ्या घरांत पुढच्या बैठकीच्या जागेला पडसाली म्हणतात, मराठीत पडसाळ. त्यातली साळ म्हणजे शालाच. माझ्याकडे येणाऱ्या एका आजी कधीच हॉल म्हणत नाहीत. "पडसाळ मोठी काढ गं, पोरी," म्हणतात. मुलगा मध्येच "हॉल, आई" म्हणून दुरुस्त करतो. दुरुस्त करण्यासारखं त्यात काहीच नसतं.

खोली मोजायची आपली जुनी पद्धतही खोल्यांची नव्हती. दोन तुळयांमधलं अंतर म्हणजे खण, आणि घर पाच खणाचं की सात खणाचं यावरून त्याचा मोठेपणा कळायचा. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरातले मंडपही असेच खांबांवरून ओळखले जातात, सोळखांबी आणि चौखांबी. भिंत नंतर आली, आधी खांब आणि छप्पर. (चोळीचाही खण, टेबलाचाही खण. आणि 'खोली' म्हणजे विहिरीची खोलीसुद्धा. घरातल्या खोलीचं अनेकवचन खोल्या होतं, विहिरीच्या खोलीचं होत नाही, एवढ्यावरून आपण दोघींना वेगळं ओळखतो.)

चेंबर या शब्दाची कहाणी हॉलपेक्षा लांब आहे, पण मी त्यातलं कामाचं तेवढंच सांगते. ग्रीक 'कमारा' म्हणजे कमानदार छत, लॅटिनमध्ये 'कामेरा' म्हणजे तसं छत असलेली खोली. फ्रेंचवाटे त्याचं चेंबर झालं. हिंदीतला कमरा पोर्तुगीजांनी आणला. अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला बारीक भोक पाडलं की समोरच्या भिंतीवर बाहेरचं चित्र उलटं उमटतं. त्या खोलीचं लॅटिन नाव 'कामेरा ऑब्स्क्युरा', अंधारी खोली, आणि तिचं अर्धं नाव आपल्या हातातल्या कॅमेऱ्याला मिळालं. स्पॅनिशमध्ये एका खोलीत राहणारा साथीदार तो कामारादा, त्याचा झाला कॉमरेड. गिरण्यांच्या या गावात तो शब्द मोर्चात कितीतरी वर्षं घुमला. गिरणी कामगार एकेका खोलीत कसे पाळीपाळीने झोपायचे हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना त्याचा मूळ अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

कॅमेरा या शब्दाच्या घोटाळ्याने लोकांचं खरंच नुकसान होतं ते कोर्टात. 'इन कॅमेरा सुनावणी' म्हणजे चित्रीकरण होणारी सुनावणी, असं पुष्कळांना वाटतं. अर्थ नेमका उलटा आहे. इथे कॅमेरा म्हणजे खोली, न्यायाधीशांची बंद खोली. लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात पीडितेची साक्ष अशी बंद दाराआड घेतली जाते, म्हणजे बाहेरचं कुणी ऐकू नये. कोर्टाचा कागद हातात आल्यावर एखादी बाई कॅमेरा हा शब्द वाचून घाबरली, तर तिला हे तेव्हाच सांगायला हवं. वकिलाचं चेंबर, व्यापाऱ्यांचं चेंबर ऑफ कॉमर्स, आणि रस्त्यातलं तुंबलेलं ड्रेनेजचं चेंबर, हे सगळे त्याच कमानीखालचे.

छोट्या खोलीला लॅटिनमध्ये 'केल्ला', त्याचं सेल. शाला आणि हॉल ज्या धातूपासून आले त्याच धातूशी याचंही नातं सांगतात. १६६५ मध्ये रॉबर्ट हूकने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, त्याला ओळीने बारीक बारीक खोल्या दिसल्या, आणि त्याने त्यांना सेल म्हटलं. आपण विज्ञानाच्या पुस्तकात त्याला पेशी म्हणतो.

काही शब्दांतून तर खोली आणि वाट दोन्ही निघून गेल्यात. सराफाकडे दागिना घेताना हॉलमार्क पाहता ना? तो हॉल लंडनमधला आहे. सोनारांच्या संघाची इमारत, गोल्डस्मिथ्स हॉल. १४७८ पासून लंडनच्या कारागिरांना आपलं सोनं-चांदी तिथे नेऊन कस लावून घ्यावा लागे, मग त्यावर ठसा पडे. हॉलचा ठसा तो हॉलमार्क. आपल्याकडे २३ जून २०२१ पासून सोन्यासाठी तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून सक्ती असलेल्या जिल्ह्यांत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, नसलेला दागिना दुकानदाराला विकता येत नाही. हा क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या अ‍ॅपवर टाकून तपासता येतो. घेताना नक्की तपासा.

लॉबी ही मुळात छपराखालची फेरी मारायची वाट. इंग्लंडच्या संसदेत सभागृहाबाहेरच्या लॉबीत लोक खासदारांना गाठून आपली कामं सांगायचे. पुढे त्या जागेचं नाव तिथे उभं राहणाऱ्या माणसांना लागलं. आपल्या साखरेच्या जिल्ह्यात 'साखर लॉबी' असं छापून येतं तेव्हा कुणाच्याही डोळ्यांपुढे वाट येत नाही.

कॉरिडॉर म्हणजे धावायची जागा, इटालियनमधल्या 'धावणे' या क्रियापदावरून. किल्ल्याच्या तटाला धरून जाणारी वाट. आज सोलापूरच्या पेपरात कॉरिडॉर असं वाचलं की माणसाला पंढरपूर आठवतं. मंदिराभोवतीची जागा मोकळी करून वारकऱ्यांसाठी रुंद वाटा काढायचा सरकारचा प्रस्ताव आहे, आणि ज्यांची घरं-दुकानं त्यात जातील असे रहिवासी त्याला विरोध करतायत. या शब्दावर मी थांबते, कारण तो जेवढा गुळगुळीत वाटतो तेवढा नाही. नकाशावर कॉरिडॉर दोन समांतर रेषांनी दाखवतात. त्या रेषांच्या आत आज कुणाची ढेलज, कुणाचा सोपा, कुणाचं देवघर आहे. त्या जागांची ही नावं नकाशावर कुठेच नसतात. वारकऱ्याला मोकळी वाट हवी हे खरंच आहे. पण ज्याच्यावर शब्द लिहायचा तो कागद हातात असणाऱ्याने आधी तिथल्या लोकांनी त्या जागेला काय नाव दिलंय ते विचारावं, एवढं मी माझ्या धंद्यापुरतं पाळते.

अण्णांच्या मोबाईलवरचा नकाशा मी शेवटी कागदावर छापून घेतला आणि प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या बाजूला पेनने मराठी लिहिलं. हॉलपुढे लिहिलं, 'दारातली वाट, चपला इथे'. रिसेप्शनपुढे, 'पाहुण्यांचा हॉल'. लँडिंगपुढे, 'जिना संपल्यावरची जागा'. अण्णांनी तो कागद घरी नेऊन आईला दाखवला. त्यांची आई ऐंशीच्या पुढची आहे, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या घरातली. त्यांच्या लहानपणी घराची पुढची खोली हातमागाची होती. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून वडील विणायला बसायचे. दिवसा तिथे माग चालायचा, पाहुणा आला तर कडेला बसायचा, आणि रात्री मागाच्या बाजूला अंथरुणं पडायची. माग पुढे कारखान्याच्या शेडमध्ये गेला, तेव्हा ती खोली रिकामी झाली आणि मग तिला हॉल हे नाव आलं.

म्हातारीने कागद डोळ्यांजवळ धरून सगळ्या खोल्यांवरून बोट फिरवलं, आणि मुलाला तेलुगूत विचारलं, "मग्गम्‌ एक्कड?"

माग कुठे आहे.